तुमच्यात कसं करतात?

गेल्या कोजागिरीला घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या गच्चीवर दोन गट बसले होते. पाण्याच्या टाकीच्या अलीकडे नेहमीची मंडळी, म्हणजे सतरंज्या, भेंड्या आणि मोठ्या पातेल्यात आटवलेलं दूध. टाकीच्या पलीकडे माझी भाची आणि तिच्या कंपूतले तिघं. त्यांच्यापुढे चार पणत्या, वाटीभर मीठ, वाटीभर पाणी आणि भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते. मी भाचीसाठी दुधाचे पेले घेऊन पलीकडे गेले, तर तिथे भांडण जुंपलेलं.

नेरूळहून आलेली मुलगी सीए आहे. तिचं म्हणणं, विधीचं वर्तुळ पूर्वेपासून आखायला हवं होतं आणि पाण्याची वाटी पश्चिमेलाच ठेवायला हवी होती. पूर्व वायूची, दक्षिण अग्नीची, पश्चिम पाण्याची, उत्तर पृथ्वीची. पुस्तकात तसंच आहे. कळव्याचा मुलगा ग्राफिक डिझायनर. तो म्हणाला, "अगं, इथे पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे. पाणी म्हणजे खाडी, ती आपल्या पाठीमागे. डोंगराकडे तोंड करून पाण्याला काय हाका मारायच्या?" खारघरची शिक्षिका म्हणाली, मला वर्तुळ नकोच, मी नुसती चंद्राला नमस्कार करायला आलेय. भाची बिचारी मधल्यामध्ये. शेवटी सीए म्हणाली, "मग हे खरं नाहीच. हा नुसता टाइमपास झाला."

मला हसू फुटलं. हेच वाक्य, जवळपास याच सुरात, मी आमच्या घरी गौरींच्या वेळी ऐकलेलं आहे.

मी स्वतः यातलं काही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. पस्तीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली, त्यामुळे मंत्रातही माझं लक्ष आधी ऱ्हस्वदीर्घाकडे जातं. पण त्या रात्रीनंतर भाचीला आणि तिच्या मित्रमंडळींना बरंच विचारलं, बरंच वाचलं. हे लोक नेमकं करतात काय, एकाच गोष्टीच्या इतक्या तऱ्हा का, आणि त्यांनी एकमेकांना सांभाळून कसं घ्यावं, हे मला समजलं तसं सांगते.

पहिला घोळ शब्दाचा. मराठीत जादू म्हटलं की टोपीतून ससा निघतो आणि जादूटोणा म्हटलं की लिंबू, काळी बाहुली नि पोलीस स्टेशन. आपण बोलतोय ते तिसरंच काहीतरी. शिकलेली, शहरात राहणारी, पगारदार माणसं स्वतःच्या मर्जीने विधी करतात आणि त्यातून आयुष्यात काही बदल घडावा अशी अपेक्षा धरतात. त्यांना इंग्रजीतही हीच अडचण आली होती. ॲलिस्टर क्राउली या इंग्रज गृहस्थांनी रंगमंचावरच्या जादूपासून वेगळेपण दाखवायला 'मॅजिक'च्या स्पेलिंगला शेवटी एक 'के' जोडून दिला. त्यांची व्याख्या साधारण अशी: इच्छेप्रमाणे बदल घडवून आणण्याचं शास्त्र आणि कला. त्यांच्याच काळातल्या डायॉन फॉर्च्युन या ब्रिटिश लेखिकेच्या नावावर दुसरी व्याख्या सांगितली जाते, इच्छेप्रमाणे जाणिवेत बदल घडवण्याची कला. वाचताना दोन्ही सारख्याच वाटतात. पण पहिलीत बदल कुठेही होऊ शकतो, नोकरीत, पावसात, शेजाऱ्यात. दुसरीत तो करणाऱ्याच्या डोक्यात होतो. गच्चीवरच्या भांडणाचं बी इथेच आहे.

आता त्या चौघांकडे वळू. आधुनिक मंत्रतंत्राच्या बहुतेक मोठ्या तऱ्हा त्या चार पणत्यांभोवतीच बसल्या होत्या.

सीए मुलगी ज्या घराण्यातली (गाण्यातल्यासारखं घराणंच म्हणूया) त्याची सुरुवात १८८८ साली लंडनमध्ये झाली. 'गोल्डन डॉन' नावाची गुप्त मंडळी. स्थापन करणारे फ्रीमेसन (पुरुषांच्या एका जुन्या गुप्त बंधुसंघटनेचे सभासद) होते, म्हणून पायऱ्या, शपथा, खुणा, झगे हे सगळं आलं. पण फ्रीमेसनांच्या उलट इथे बायकांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश होता. हिब्रू अक्षरं पाठ करायची, ग्रह कोणत्या धातूचे, कोणत्या रंगाचे ते पाठ करायचं, आणि वरच्या पायऱ्यांना चक्क परीक्षा. कवी येट्स यांच्यात होते. १९०० साली ही मंडळी भांडून फुटली, तेव्हा फुटण्याची मक्तेदारी काही आपल्याच साहित्य संस्थांकडे नाही. आमची सीए त्यांचा एक छोटा विधी रोज सकाळी लोकल पकडण्यापूर्वी करते. चारी दिशांना हवेत पंचकोनी तारा काढायचा आणि ठरलेली नावं उच्चारायची. दहा मिनिटं लागतात. का करतेस, असं विचारलं तर म्हणाली, "मावशी, ऑडिटच्या मोसमात डोकं ठिकाणावर राहतं." मला ते कळलं. माझे वडील याच कारणासाठी संध्या करत.

शिक्षिकेचा ओढा विक्काकडे. या पंथाला जेराल्ड गार्डनर यांनी आकार दिला. ते सिलोनात चहाच्या मळ्यात, मग बोर्निओत, मग मलायात कस्टम खात्यात नोकरी करून १९३६ च्या सुमारास इंग्लंडला परतलेले गृहस्थ. तिथे १७३५ पासून एक कायदा होता. तो चेटूक खरं मानत नव्हता, चेटकाची ताकद असल्याची बतावणी करणाऱ्याला शिक्षा देत होता. १९५१ मध्ये तो रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांनी चेटकिणींचा जुना धर्म अजून जिवंत आहे असं पुस्तक लिहून जाहीर केलं. देव आणि देवी, लहानसं मंडळ, दीक्षेच्या तीन पायऱ्या, वर्षाचे आठ सण. मंत्रांचा बराचसा सुंदर भाग डोरीन व्हॅलिएंटे यांनी लिहिलेला. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतून एकट्याने, मंडळाशिवाय, स्वयंपाकघरात करण्याची पुस्तकं आली आणि विक्का कुणालाही घरबसल्या करता येऊ लागली. आपल्याकडे कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी त्याच दशकात आपण विक्कन असल्याचं जाहीर सांगितलं होतं.

शिक्षिका दीक्षा वगैरे घ्यायच्या फंदात पडलेली नाही. तिची आई गेली, खारघरच्या फ्लॅटमध्ये ती एकटी, आणि पौर्णिमेला गॅलरीत उभं राहून ती देवीशी बोलते. काही मागत नाही. तिला सिद्धी नको, नोकरी नको, तिला कुणीतरी ऐकायला हवंय. आपल्याकडे याला भक्ती म्हणतात. मंत्राची दिशा चुकली म्हणून भक्ती रद्द होते असं कुठल्याही संताने सांगितल्याचं मला आठवत नाही.

कळव्याचा मुलगा म्हणजे केऑस मॅजिक. हे प्रकरण सगळ्यात नवं. १९७० च्या दशकाच्या शेवटी पीटर कॅरोल आणि त्यांच्या सोबत्यांनी इंग्लंडमध्ये ते सुरू केलं. म्हणणं थोडक्यात असं की विश्वास हे हत्यार आहे. कामापुरतं उचला, काम झालं की खाली ठेवा. या महिन्यात गणपती, पुढच्या महिन्यात रोमन देव, तिसऱ्या महिन्यात कार्टूनमधलं पात्रसुद्धा चालतं. त्यांचं आवडतं तंत्र ऑस्टिन उस्मान स्पेअर (१८८६ ते १९५६) या लंडनच्या चित्रकाराकडून आलेलं. कळव्याच्या मुलाने ते मला किराणा बिलाच्या मागे करून दाखवलं. इच्छा आधी झालीच आहे अशी लिहायची: 'मला नोकरी मिळाली'. काना, मात्रा, वेलांट्या काढून टाकायच्या. उरलं म, ल, न, क, र, म, ळ, ल. दोनदा आलेली अक्षरं एकदाच ठेवायची. आता म, ल, न, क, र, ळ. ही सहा अक्षरं एकमेकांत गुंतवून एकच आकृती काढायची, म्हणजे कुठलं अक्षर कुठे संपतं ते आपल्यालाही कळू नये. म चा दांडा र ला दिला, ळ ची दोन वेटोळी क च्या पोटात गेली. झालं. मग मन एकाग्र करून तिच्याकडे बघायचं, कागद जाळायचा आणि विसरून जायचं. विसरणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच त्याला जमत नाही, हे त्यानेच सांगितलं. देवनागरीत आकृती इंग्रजीपेक्षा देखणी होते हे माझं मत. तो अर्धा तास मुद्रित तपासणारी बाई म्हणून मी अगदी मजेत घालवला.

आणि भाची? तिचं सगळ्यातलं थोडं थोडं. पत्ते आजीच्या जुन्या इरकली साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले. शनिवारी तिच्या ऐरोलीच्या ऑफिसमधल्या मैत्रिणी तिच्याकडे पत्ते काढायला येतात. तिला वाटायचं टॅरो इजिप्तचं, पुरातन. प्रत्यक्षात हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत चक्क खेळायला निघाले, आपल्या रमीसारखे. ते इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान आहे हे १७८१ साली एका फ्रेंच पंडिताने ठोकून दिलं. चित्रलिपी वाचता यायला तेव्हा अजून चाळीसेक वर्षं होती, त्यामुळे खोडून काढायला कुणी नव्हतं. आज जगभर दिसणारी चित्रं १९०९ ची, पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेली. पत्ते ओळखले जात राहिले ते प्रकाशकाच्या आणि सल्लागाराच्या नावाने.

हे ऐकून भाची हिरमुसली. "म्हणजे खोटं आहे सगळं?"

इथे जरा थांबते, कारण अशा मंडळींतली निम्मी भांडणं याच प्रश्नावर होतात. कुणाचं जुनं, कुणाचं अस्सल. गार्डनरनाही आपला पंथ अश्मयुगापासूनचा आहे असं वाटायचं. तो आधार त्यांनी मार्गारेट मरे या विदुषींच्या सिद्धांतावर घेतला होता. इतिहासकारांनी तो पुढे साफ नाकारला. रॉनल्ड हटन यांनी तर विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेला धर्म आहे हे पुराव्यानिशी मांडलं. मजा अशी की बऱ्याच विक्कन लोकांनी ते स्वीकारलं आणि सण साजरे करणं सुरूच ठेवलं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. माझ्या आजीला वैभवलक्ष्मीचं व्रत ठाऊकही नव्हतं. माझ्या आईने ते जांभळी नाक्यावरून आणलेल्या पातळ पुस्तिकेतून उचललं, आणि आज भाचीला ते 'आपलं परंपरेचं' वाटतं. सार्वजनिक गणपतीला लोकमान्यांनी १८९३ मध्ये जोर दिला, म्हणजे त्याचं वय ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाएवढंच. कुणी म्हणत नाही की म्हणून मंडप उचला. वयाची थाप मारू नये एवढं खरं. पण थाप उघडी पडली तरी शिक्षिकेची गॅलरी तशीच राहते.

दिशांचंही तसंच. पश्चिमेला पाणी हे इंग्लंडात बसून ठरलं, जिथे पश्चिमेला अटलांटिक आहे. ऑस्ट्रेलियात जेव्हा हे पोचलं तेव्हा अनेकांनी आठही सण सहा महिने फिरवले, कारण डिसेंबरात तिथे भर उन्हाळा असतो. अग्नी दक्षिणेचा उत्तरेला नेला, कारण त्यांचा सूर्य तिकडून जातो. मूळ इंग्लंडच्या वर्षचक्रात १ ऑगस्ट हा पहिल्या कापणीचा सण. ठाणे जिल्ह्यात त्या तारखेला बायका नुकत्याच भाताची लावणी आटोपून कंबर सरळ करत असतात. सीएने मूळ बरहुकूम करायचं ठरवलं तर तिला इंग्लंडची ऋतुमानं मनात धरून करावं लागतं. तिला ते चालतं, कारण तिच्यासाठी पश्चिम ही नकाशावरची जागा नाही, पाठ केलेल्या कोष्टकातला एक रकाना आहे. मुलाला चालत नाही, त्याला खाडीचा वास यायला हवा. दोघांची पश्चिम वेगळी आहे हे कळलं असतं तर दूध तरी गरम प्यायलं गेलं असतं.

मी त्या रात्री त्यांना गौरींचं सांगितलं.

आमच्या आईचं माहेर कोकणस्थ, तिथे खड्यांच्या गौरी. नदीवरून मुकाट्याने खडे आणायचे. वडिलांकडे मुखवट्यांच्या, साड्या नेसवलेल्या, दागिन्यांनी मढवलेल्या. शेजारच्या सीकेपी काकूंकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य, म्हणजे मटण किंवा मासे. आमच्याकडे त्या दिवशी कांदासुद्धा घरात चिरत नाहीत. कुणाकडे तेरड्याची रोपंच गौर म्हणून येतात. पहिल्या वर्षी आई सासरी वडीलधाऱ्यांचं ऐकून घेत होती, "हे काय, दगड? हे खरं नव्हेच." आणि सीकेपी काकू पहिल्यांदा हळदीकुंकवाला आल्या तेव्हा माझ्या आजीने विचारलं होतं, "तुमच्यात कसं करतात?"

या प्रश्नात काय काय आहे बघा. 'तुमच्यात' म्हटलं की आपोआप मान्य झालं की 'आमच्यात' हा जगाचा नियम नव्हे. 'कसं' म्हटलं की तपशील ऐकायची तयारी आली. 'करतात' म्हटलं की त्यालाही काही रीत आहे, ते मनाला येईल तसं नाही, हे गृहीत धरलं. आणि न बोललेलं एक राहिलं: ऐकून घेईन, करीन मात्र आमच्या पद्धतीने. आजी काकूंकडे गेली, गौरीपुढे ओटी भरली, पानात फक्त भात-वरण घेतलं. काकूंनी आग्रह केला नाही, आजीने नाक मुरडलं नाही. दोन्ही गौरी एकच, असं दोघींपैकी कुणीही म्हणालं नाही.

हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं. सहिष्णुता म्हणजे 'सगळे मार्ग शेवटी एकाच ठिकाणी जातात' असं म्हणून मोकळं होणं, ही आपली आवडती पळवाट. जातात कुठे एका ठिकाणी? शिक्षिकेसाठी देवी आहे. मुलासाठी देवी हे कामापुरतं उचललेलं हत्यार आहे. तो जेव्हा म्हणतो, "मी या महिन्यात काली वापरतोय", तेव्हा 'वापरतोय' या क्रियापदाने तिला काटा टोचतो, आणि टोचणारच. तिथे 'दोघांचं एकच' म्हणणं हे दोघांचंही न ऐकणं आहे. त्याने तिच्यासमोर ते क्रियापद बदलावं, तिने त्याला नास्तिक म्हणू नये. एवढ्यावर त्यांचं सध्या जमलंय. दर पौर्णिमेला थोडं खटकतं.

आता हेतूंकडे. आपल्या तंत्रग्रंथांनी यांची यादी फार स्पष्ट केलीय. शांती, वशीकरण, स्तंभन (थोपवणं), विद्वेषण (वैर लावणं), उच्चाटन (हुसकावणं), मारण. ही षट्कर्मं. पहिलं सोडलं तर बाकी पाच ऐकूनच कळतं की जुने लोक हेतूंबाबत भाबडे नव्हते. मंत्र तोच असला तरी तो कशासाठी, हे आधी विचारायची सोय त्यांनी करून ठेवली होती.

माणसं मुळात हे करतातच का, यावर मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाचं निरीक्षण मला सगळ्यात पटतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. तिथले कोळी आतल्या उथळ, शांत खाजणात मासे धरत तेव्हा मंत्रबिंत्र काही नसे. खुल्या समुद्रात, जिथे जीव जाऊ शकतो आणि जाळं रिकामं येऊ शकतं, तिथे मात्र पावलोपावली विधी. म्हणजे कौशल्य जिथे संपतं आणि नशीब सुरू होतं, तिथे विधी उभा राहतो. ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यातून नारळी पौर्णिमेला खाडीकडे नारळ निघतो, तो बघताना मला दरवेळी हे आठवतं. आयटीतल्या पोरीला कामावरून कधी काढतील याचा भरवसा नाही. तिचा खुला समुद्र ऐरोलीतच आहे.

पण फक्त भीती असं म्हटलं तर भाचीवर अन्याय होईल. तिचं कारण तिने मला फार उशिरा सांगितलं. माझ्या बहिणीचं सासर कडक सोवळ्याचं. वयात आल्यापासून महिन्याचे चार दिवस भाची देवघराच्या उंबऱ्याबाहेर. "गच्चीवर मला कुणी तारीख विचारत नाही, मावशी." बस. एवढंच कारण. टॅरो इजिप्तचं असो नाहीतर इटलीचं, तिला अशी एक चौरस फूट जागा हवी होती जिथे ती कधीही दिवा लावू शकते. हे ऐकल्यावर मी तिच्या पत्त्यांच्या इतिहासावर बोलायचं जरा कमी केलं.

टॅन्या लुरमन या मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात लंडनच्या अशा मंडळींमध्ये वावरल्या. त्यांना भेटलेली माणसंही नोकरदार, शिकलेली, संगणकावर काम करणारी होती. त्यांच्या लक्षात आलं की कुणी एका दिवसात विश्वास ठेवू लागत नाही. आधी पुस्तक, मग गंमत म्हणून विधी, मग खुणा दिसायला लागतात, आणि अर्थ लावायची रीत हळूहळू सरकत जाते. म्हणून 'तू हे खरं मानतेस का?' हा प्रश्न बहुतेकांना अडचणीचा वाटतो. उत्तर महिन्यागणिक बदलत असतं. मंत्राने बाहेरच्या जगात काही घडतं याला मला पटेल असा पुरावा नाही. करणाऱ्याचं मन शांत होतं, हे मी वडिलांच्या संध्येपासून बघत आलेय.

सोसायटीच्या कमिटीतल्या एका काकांचा आक्षेप निराळाच होता, हे पाश्चात्य खूळ आपल्या गच्चीवर नको. काकांना सांगितलं नाही, पण इथे सांगते: या खुळात आपला माल कितीतरी आहे. थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि मद्रासजवळ अड्यारला जाण्याआधी तीन-चार वर्षं इथेच होते. 'वाममार्ग' हा आपल्या तंत्रसाधनेतला, रूढीबाहेरच्या वाटेसाठीचा शब्द पाश्चात्य गूढवाद्यांच्या बोलण्यात रुजला तो ब्लाव्हाट्स्की यांच्या लिखाणामुळे, आणि तिथे त्याचा अर्थ भलताच काळा झाला. शिक्षिकेकडे चक्रांचे सात इंद्रधनुषी खडे आहेत. चक्रं आपली, पण इंद्रधनुष्याचे रंग विसाव्या शतकातल्या पाश्चात्य लेखकांनी भरलेले. जुन्या तंत्रग्रंथांत रंग वेगळे आहेत आणि चक्रंही सगळीकडे सातच नाहीत. माल तिकडे गेला, रंगून परत आला, आणि आता सीवूड्सच्या दुकानात पाकिटात मिळतो.

काय चालवून घ्यायचं नाही, यावर मात्र गच्चीवरच्या कंपूत एकदा जोरदार वाजलं. भाचीच्या एका सहकारी मुलीला नवी मुंबईतल्या एका 'ऊर्जातज्ज्ञा'ने घरात काळी ऊर्जा आहे असं सांगितलं. पहिल्या विधीचे एकवीस हजार. ऊर्जा हट्टी निघाली, मग एक्कावन्न. पुढे थायरॉइडच्या गोळ्यांनी ऊर्जा अडते म्हणून त्याही बंद करायला लावल्या. दोन महिन्यांनी ती ऑफिसच्या जिन्यावर धाप लागून बसली, तेव्हा कळलं. कळव्याचा मुलगा म्हणाला, तिची श्रद्धा, आपण कोण बोलणार? सीए उसळलीच. "ही पद्धतीची गोष्ट नाही रे. हिशेबाची आहे. विधी तो करतो, हेतूही त्याचा, किंमत मात्र ती मोजते. पैशाने आणि तब्येतीने." त्या दिवशी तिच्या शिस्तीचा मला खरोखर आदर वाटला.

कायदाही साधारण याच रेषेवर उभा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या दाव्याने फसवणूक, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचार अडवून मंत्र देणं, हे गुन्हे. पूजा, हरिपाठ, कीर्तन, वारी, वास्तूचा सल्ला, जोशी, अगदी नंदीबैलवाले यांना तो हात लावत नाही. दाभोलकरांच्या चळवळीला यापेक्षा बरंच जास्त हवं होतं. आणि ताईत-कवचाने रोग बरे होतात अशा जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९५४ चा आहे. गार्डनर यांचं पुस्तक आलं तेच वर्ष.

आणखी एका ठिकाणी भाचीशी माझं वाजलं. तिने इन्स्टाग्रामवर स्वतःच्या नावापुढे 'विच' लिहिलंय. ठाण्यात तो दागिना आहे. नंदुरबारकडे, सातपुड्यात, एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की तिला मारतात, गावाबाहेर काढतात, आणि तो शब्द ती स्वतः निवडत नाही. भाची म्हणाली, म्हणूनच आम्ही तो शब्द परत मिळवतोय. पाश्चात्य स्त्रीवादी मंडळीही हेच म्हणतात. मी म्हटलं, ज्यांच्यासाठी मिळवतेस त्यांना एकदा विचारून ये. यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

नाताळच्या सुट्टीत चौघंही नौपाड्यात माझ्याकडे जेवायला आली. आई सत्त्याऐंशीची आहे. तिला भाची जरा उतरलेली वाटली, म्हणून जेवणं झाल्यावर तिने तिला पाटावर बसवलं. मुठीत मीठ, मोहरी, तीन सुक्या मिरच्या. आल्यागेल्याची, शेजारच्यापाजारच्याची, असं पुटपुटत तीनदा ओवाळलं आणि मूठ तापलेल्या तव्यावर टाकली. मिरच्या तडतडल्या, पण ठसका कुणालाच लागला नाही. "बघ, केवढी लागली होती," आई म्हणाली.

सीए वही काढूनच बसली होती. "आजी, उतरवताना तोंड कुठल्या दिशेला करायचं असतं?"

आईने तिच्याकडे बघितलं, मग तव्याकडे. "जिकडे गॅस असेल तिकडे," ती म्हणाली. आणि मग, तवा खाली उतरवता उतरवता, "का गं? तुमच्यात कसं करतात?"